दम खाण्याचा हिशेब

पोलादपूर तालुक्यातील एका वाडीवरून एका तरुण वाचकाचे पत्र आले आहे. पत्र पोस्टकार्डाएवढे, पण प्रश्न पानभर उत्तर मागणारा. हा मुलगा महाडच्या एमआयडीसीत कंत्राटी कामगार आहे, पाळीत काम करतो, पाळी सुटली की व्यायामशाळेत जातो आणि पोलीस भरतीची तयारी करतो. वजनाचा एक सेट मारून झाला की त्याला दोन-तीन मिनिटे थांबावेसे वाटते. पण तिथे शिकवणारे दादा त्याला अर्ध्या मिनिटात उठवतात. बसलास तर अंग थंड पडेल, म्हणतात. बाकीची मुले हसतात. त्याने विचारले आहे की, यात खरे काय? आपण आळशी आहोत की काय?

वाचकहो, असा प्रश्न विचारणारा हा एकटाच नाही. सकाळी उजाडण्यापूर्वी महाडच्या मैदानावर गेलात तर अंधारात धावणारी तीस-चाळीस मुले-मुली दिसतील. पोलादपूरकडे तर मुले महामार्गाच्या कडेने धावतात. महाड तालुक्यात फौजी आंबवडे नावाचे गावच आहे. गणवेशाची ओढ या भागाला जुनी आहे. घरात कमावते माणूस एक, जमीन नावापुरती, आणि मुलाच्या किंवा मुलीच्या भरतीवर सगळ्या घराचे डोळे. अशा घरातील पोराने चुकीच्या पद्धतीने घाम गाळला तर नुकसान एकट्याचे होत नाही. म्हणून हा विषय आम्ही आज घेतला आहे.

उत्तर आधीच सांगून टाकतो. ताकद वाढवायची असेल तर त्या मुलाचे बरोबर आहे. दोन-तीन मिनिटे थांबावे, जड वजन असेल तर त्याहून थोडे जास्तच थांबावे. आता का, ते पाहू.

ज्या माता-भगिनींना हा व्यायामशाळेचा शब्द परका आहे त्यांच्यासाठी सांगतो. एखादे वजन न थांबता आठ-दहा वेळा उचलले की तो झाला एक सेट. मग थांबायचे आणि पुन्हा तितकेच. असे तीन-चार वेळा. दहा-दहाचे तीन सेट हे जे सगळीकडे ऐकू येते, त्याचे मूळ इस्पितळात आहे. दुसऱ्या महायुद्धात जखमी झालेल्या अमेरिकन सैनिकांच्या पायांत पुन्हा बळ यावे म्हणून थॉमस डीलॉर्म नावाच्या लष्करी डॉक्टरने वजने वाढवत नेण्याची पद्धत १९४५ साली मांडली. पुढे १९४८ साली तीच दहा-दहाच्या तीन सेटवर आली. म्हणजे ज्याला आज पोरे बॉडी बनवण्याचा मंत्र समजतात तो मुळात लंगडणाऱ्या माणसाला चालते करण्याचा उपाय होता.

आता थांबायचे कशासाठी? आमचे शिक्षण बी.कॉम., तेव्हा आम्हांला कचेरीतले उदाहरणच जवळचे वाटते. कचेरीत किरकोळ खर्चाची एक पेटी असते. टपालाची तिकिटे, चहा, रिक्षाभाडे यासाठी त्यातून लगेच पैसे काढता येतात. बँकेत रक्कम भरपूर असली तरी ती काढायला वेळ लागतो. पेटीतले पैसे हातोहात मिळतात, पण पेटी लहान असते. संपली की बँकेतून आणून भरावी लागते. शरीराच्या स्नायूतही अशीच एक पेटी आहे. तिच्यात फॉस्फोक्रिएटिन नावाचे द्रव्य असते. जड वजन उचलताना, गोळा फेकताना, शंभर मीटर धावताना सुरुवातीची ताकद या पेटीतून येते. पूर्ण जोर लावला की काही सेकंदांतच ती रिकामी होऊ लागते. मग माणूस थांबला, श्वास घेऊ लागला, की शरीर ती पुन्हा भरते. साधारण अर्ध्या मिनिटात पेटी निम्मी भरते. उरलेली निम्मी मात्र सावकाश भरते; जवळजवळ पूर्ण व्हायला तीन मिनिटे, कधी पाच मिनिटे लागतात.

म्हणजे अर्ध्या मिनिटात उठवणारे दादा काय करतात? निम्म्या भरलेल्या पेटीवर पूर्ण खर्चाचे बिल लावतात. कोणताही रोखपाल असे करणार नाही.

जाता जाता एक गोष्ट. हे फॉस्फोक्रिएटिन शोधणाऱ्यांत आपल्या देशाचा एक माणूस होता. आंध्रातील भीमावरम येथे जन्मलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी अमेरिकेत हार्वर्डमध्ये सायरस फिस्क यांच्याबरोबर काम करून १९२७ साली हे द्रव्य जगापुढे मांडले. इंग्लंडमध्येही त्याच वर्षी दुसऱ्या संशोधकांना त्याचा माग लागला होता. १९२७ म्हटले की महाडच्या माणसाला चवदार तळेच आठवते. त्याच वर्षी तिकडे माणसाच्या दमाचे रसायन कळत होते, हे सहज डोळ्यांसमोर आले म्हणून लिहिले.

मग ही अर्ध्या मिनिटाची, एका मिनिटाची शिस्त आली कोठून? तिलाही एक कारण आहे, ते नाकारून चालणार नाही. १९९० च्या सुमारास अमेरिकेत झालेल्या प्रयोगांत असे दिसले की, एकच मिनिट थांबून लगेच पुढचा सेट घेतला तर रक्तातले वाढीचे संप्रेरक जास्त वर जाते. झाले. त्यावरून लोकांनी ताडले की, संप्रेरक वाढले म्हणजे स्नायूही जास्त वाढणार. मासिकांतून ते पसरले, व्यायामशाळेच्या भिंतीवर चिकटले आणि मग नियमच होऊन बसले. पण हे संप्रेरक थोडा वेळ वर जाते आणि पुन्हा खाली येते. त्याने स्नायू जास्त वाढतात असे पुढे दिसून आले नाही.

२०१६ साली ब्रॅड शोनफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. आधीपासून वजनांचा व्यायाम करणारे २१ तरुण घेतले. त्यांचे दोन गट केले. व्यायाम तेच, सेट तेवढेच. फरक फक्त थांबण्याचा: एक गट एक मिनिट थांबे, दुसरा तीन मिनिटे. आठ आठवड्यांनी मोजले तेव्हा बैठकीत आणि बेंचवर तीन मिनिटेवाल्यांची ताकद जास्त वाढली होती. मांडीच्या पुढच्या भागाचा स्नायूही त्यांचाच जास्त जाड झाला होता. २१ माणसांचा प्रयोग लहानच म्हणायचा, त्यावर एकट्यावर विसंबू नये. परंतु २०२४ साली अशा अनेक प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला गेला. स्नायूंच्या वाढीसाठी एका मिनिटाहून जास्त थांबणे थोडे फायद्याचे आहे आणि दीड मिनिटाच्या पुढे फारसा फरक पडत नाही, असे त्यातून निघाले. म्हणजे नुसते अंग भरायचे असेल तर दीड-दोन मिनिटे चालतील. ताकद हवी असेल तर मात्र तीन मिनिटांकडे जावे.

आकड्यांत पाहू. समजा, एक मुलगा बेंचवर ४० किलो उचलतो. पहिल्या सेटला १० वेळा. एक मिनिट थांबून दुसरा घेतला तर ६ वेळा, तिसरा ४ वेळा. एकूण २० वेळा, म्हणजे ८०० किलो. तोच मुलगा तीन-तीन मिनिटे थांबला तर समजा १०, ९ आणि ८ वेळा उचलतो. एकूण २७ वेळा, १०८० किलो. दोन विश्रांतींचे मिळून चार मिनिटे जास्त गेली आणि त्यात २८० किलोचे काम जास्त झाले. आकडे माणसागणिक बदलतील, पण दिशा हीच राहते. जो धापा टाकत तीन सेट उरकतो त्याला वाटते की आपण फार मेहनत केली. घाम त्याला जास्त येतो हे खरे. पण घामाचे वेगळे गुण कोणत्याही भरतीत मिळत नाहीत.

अंग थंड पडते म्हणावे तर तीन मिनिटांत असे काही थंड पडत नाही. पंधरा-वीस मिनिटे गप्पा मारत बसले तर गोष्ट वेगळी. आणि आपल्या कोकणच्या उकाड्यात, पत्र्याच्या छपराखालच्या व्यायामशाळेत थंड पडायची चिंता कशाला करायची?

आता एक खरी घडलेली हकीकत सांगतो. ती आपल्याला जवळची आहे. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून वर गेले की सातारा जिल्हा लागतो. त्या जिल्ह्यात कराडजवळ गोळेश्वर हे गाव आहे. तिथले पहिलवान खाशाबा दादासाहेब जाधव. जन्म १५ जानेवारी १९२६. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये ते सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीला जायचे तर गाठीला पैसे नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. गावच्या लोकांनी वर्गणी काढली. अशा पैशावर हा माणूस फिनलंडला गेला.

तिथे त्यांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवले. मग जपानच्या शोहाची इशी यांच्याशी गाठ पडली. ती कुस्ती पंधरा मिनिटांहून अधिक चालली आणि खाशाबा थोडक्या गुणांनी हरले. तोपर्यंत दोघांचीही छाती भात्यासारखी चालली असणार. आणि तेवढ्यात खाशाबांना पुढच्या कुस्तीला बोलावले गेले. समोर सोव्हिएत संघाचे रशीद मम्मदबेयोव. दोन कुस्त्यांच्या मध्ये किमान अर्धा तास विश्रांती द्यावी असा नियम होता. पण तो नियम दाखवून आमच्या मल्लाला अर्धा तास द्या असे म्हणायला भारतीय पथकाचा एकही अधिकारी त्या वेळी तिथे हजर नव्हता, असे त्यांच्या हकीकतीत वारंवार सांगितले गेले आहे. खाशाबा दमलेल्या अंगाने उतरले आणि हरले. त्यांना कांस्यपदक मिळाले, मम्मदबेयोव यांना रौप्य आणि इशी यांना सुवर्ण. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक होते, आणि त्यानंतरचे वैयक्तिक पदक यायला १९९६ साल उजाडले.

तो अर्धा तास मिळाला असता तर निकाल फिरला असता असे आम्ही म्हणणार नाही. ते कोणालाच सांगता येणार नाही. पण ज्या मल्लासाठी एका प्राचार्याने घर गहाण टाकले, त्याच्या हक्काची तीस मिनिटे मागायला एक माणूस उभा राहिला नाही, हे काही आमच्या मनातून जात नाही. पुढे १९५५ साली खाशाबा पोलीस खात्यातच फौजदार म्हणून दाखल झाले आणि १९८३ साली सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. १९८४ साली अपघातात ते गेले. भरतीच्या मुलांनी हे नाव आपल्या वहीच्या पहिल्या पानावर लिहावे.

विश्रांती मागावी लागते, हे कारखान्यातल्या माणसाला वेगळे सांगायला नको. कारखान्यातले आठवड्याचे तास ५४ वरून ४८ करणारी दुरुस्ती १९४६ साली झाली तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते बाबासाहेबांकडे होते. पुढे १९४८ च्या कारखाना कायद्यात लिहिले गेले की, पाच तासांच्या वर काम करून घ्यायचे नाही, मध्ये किमान अर्धा तास सुट्टी द्यायची. तिकडे कुस्तीतही अर्धा तास, इकडे कायद्यातही अर्धा तास. कायद्यात लिहिले तरी तो अर्धा तास हातात पडतोच असे नाही. आमच्या माहितीतल्या एका ठिकाणी कंत्राटी मुले भाकरी उभ्यानेच खात. त्याविरुद्ध अर्ज लिहिताना आम्ही पाहिले आहे की, पहिला विरोध त्या मुलांच्याच घरून आला. वडील म्हणाले, बसायला मागितले तर काम जाईल.

हे असे का होते? ज्यांच्या आज्या-पणज्यांनी दुसऱ्याच्या खळ्यावर क्षणभर पाठ टेकली तरी शिवी ऐकली, त्यांच्या नातवंडांना बसणे म्हणजे काहीतरी गुन्हा वाटतो. तीच भीती व्यायामशाळेपर्यंत आली आहे. मुले हसतात म्हणून आमचा पत्रलेखक उठतो. त्याने उठू नये. पोलादपूरच्या वरच्या वाड्यांवर उन्हाळ्यात बायका डोक्यावर हंडे घेऊन चढ चढतात. चढ अर्धा झाला की ठरलेल्या दगडावर हंडा उतरवतात, दम खातात आणि मग पुढे जातात. त्यांना कोणी आळशी म्हणत नाही. म्हणून तर पाणी न सांडता घरी पोचते.

आता भरतीच्या मुला-मुलींसाठी थोडे तपशिलात. अलीकडच्या पोलीस शिपाई भरतीत मैदानी चाचणी ५० गुणांची आहे. मुलांना १६०० मीटर धावणे, १०० मीटर धावणे आणि गोळाफेक. मुलींना १६०० च्या जागी ८०० मीटर. मुलांचा गोळा ७.२६० किलोचा, मुलींचा ४ किलोचा. यातल्या गोळाफेक आणि १०० मीटर या दोन गोष्टी म्हणजे सगळा त्या लहान पेटीचा कारभार. गोळ्याचा सराव करताना एकामागून एक वीस फेकी मारू नका. एक-दोन फेकी पूर्ण ताकदीने मारा, दोन-तीन मिनिटे फिरा, मग पुढची. दमलेल्या हाताने फेकत राहिलात तर हात चुकीची फेक शिकतो, आणि खांदा दुखतो ते वेगळेच. १०० मीटर पूर्ण वेगाने धावल्यावर चार-पाच मिनिटे जाऊ द्यावीत.

१६०० मीटरचे मात्र वेगळे आहे. तिथे दम टिकवायचा असतो, म्हणून विश्रांती मुद्दाम कमी ठेवतात. ज्या हेलसिंकीत खाशाबा लढले तिथेच चेकोस्लोव्हाकियाच्या एमिल झाटोपेकने ५,०००, १०,००० मीटर आणि मॅरेथॉन अशा तिन्ही शर्यती जिंकल्या होत्या. ४०० मीटर जोरात धावायचे, मग २०० मीटर हळू पळत दम घ्यायचा, पुन्हा ४०० मीटर, असा त्याचा सराव प्रसिद्ध आहे. आपल्या मुलांनी चार फेऱ्यांनी सुरुवात करावी, झाटोपेकच्या आकड्यांच्या मागे लागू नये. सांगायचे एवढेच की, ताकदीच्या सरावाचा नियम धावण्याला आणि धावण्याचा नियम ताकदीला लावू नये. बऱ्याच ठिकाणी घोटाळा इथेच होतो. मैदानावर दम वाढवायला शिकवणारा माणूस व्यायामशाळेतही तेच घड्याळ घेऊन येतो.

सैन्यभरतीच्या मेळाव्यात बीमवर दहा पुल-अप्स काढले तर पूर्ण ४० गुण मिळतात. ज्याला आज तीनच जमतात त्याने काय करावे? तीन काढावेत, तीन मिनिटे थांबावे, पुन्हा तीन. असे पाच वेळा केले तर पंधरा होतात. अर्धा मिनिट थांबून केले तर तीन, दोन, एक आणि मग नुसते लोंबकळणे. घरी आंब्याच्या फांदीवर हे करता येते, त्याला फी लागत नाही.

कबड्डी खेळणाऱ्यांनाही हे उपयोगी आहे. आपल्या रायगडात गावोगाव संघ आहेत. चढाई तीस सेकंदांची. पूर्ण जोराने चढाई करून आलेल्या गड्याला कप्तान लगेच पुढच्या चढाईला पाठवतो, तो पकडला जातो आणि वर बोलणीही खातो. मध्ये एक-दोन चढाया दुसऱ्याला द्याव्यात. पेटी भरू द्यावी.

थांबायचे म्हणजे कसे थांबायचे, हेही लोक विचारतात. धाडकन बसू नये, आडवे तर मुळीच होऊ नये. हळूहळू येरझारा घालाव्यात, श्वास नाकाने शांतपणे घ्यावा, घोटभर पाणी प्यावे. मोबाइल घड्याळापुरताच वापरावा. त्यात व्हिडिओ लावला की तीन मिनिटांची दहा कधी होतात ते कळत नाही. घड्याळ नसेल तर सोपी खूण आहे: शेजाऱ्याशी एक पूर्ण वाक्य मध्ये श्वास न तुटता बोलता आले पाहिजे, आणि आता पुन्हा उचलावे असे मनातून वाटले पाहिजे. दुसऱ्या सेटला पहिल्यापेक्षा एक-दोनच कमी उचलले गेले तर विश्रांती पुरली. एकदम निम्म्यावर आलात तर पुरली नाही. हाताच्या बारीक व्यायामाला, डंबेल्स वगैरेला, मिनिट-दीड मिनिट पुष्कळ होते. बैठक, बेंच, जमिनीवरून रॉड उचलणे अशा सगळ्या अंगाच्या व्यायामाला तीन मिनिटे द्यावीत. जुन्या तालमीतल्या पन्नास-शंभर बैठका या दमाच्या व्यायामात मोडतात, त्यात कमी थांबले तरी चालते.

आता वेळेचा प्रश्न. पाळी करून येणाऱ्याकडे तासच असतो आणि शेवटची एसटी गाठायची असते. त्याला आम्ही सांगू की व्यायाम आठ प्रकारचे करण्याऐवजी चार करावेत. किंवा जोड्या लावाव्यात. छातीचा एक सेट झाला की मिनिटभराने पाठीचा एक सेट, मग पुन्हा मिनिटभराने छातीचा. छाती थांबलेली असताना पाठ काम करते. वेळ वाचतो आणि दोघींनाही आपापली विश्रांती मिळते. रात्रपाळी करून आलेल्या दिवशी मात्र जड वजनाला हात लावू नये. झोप ही सर्वांत मोठी पेटी आहे. तीच रिकामी असेल तर तीन मिनिटे थांबा नाहीतर तेरा, काही भरत नाही.

हे भरतीच्या दिवसालाही लागू आहे. रायगडच्या पोलीस भरतीला अलिबागला जावे लागते. पोलादपूरच्या वरच्या गावांतून ते अंतर शंभर किलोमीटरहून जास्त. मुले रात्रभर प्रवास करतात, उघड्यावर पथारी टाकतात आणि सकाळी उपाशीपोटी धावतात. २०१४ च्या जून महिन्यात मुंबईच्या पोलीस भरतीत उन्हात पाच किलोमीटर धावताना तरुण उमेदवार मृत्युमुखी पडले होते, हे विसरता येत नाही. तेव्हा पालकांनी एवढे करावे: नातलगाकडे, ओळखीकडे, आपल्या विहारात, कोठेही, आदल्या दिवशी दुपारीच मुलाला पोचवावे आणि रात्रभर झोपू द्यावे. मुलगी असेल तर सोबतीला कोणीतरी जावे. एका दिवसाची मजुरी बुडेल, बुडू द्यावी.

घरातल्या वडीलधाऱ्यांनाही थोडे सांगतो. साठी उलटलेल्या आईने खुर्चीवरून हात न टेकता आठ-दहा वेळा उठबस केली, दोन मिनिटे थांबून पुन्हा केली, तर तोही सेटच झाला. त्याने मांड्यांत बळ राहते, न्हाणीघरात तोल जायची भीती कमी होते. तिला घाई करू नये, हवे तेवढे थांबू द्यावे. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे, आणि जोर लावताना श्वास कोंडून धरू नये. छातीत दुखले, चक्कर आली, तर विश्रांती घेऊन पुढचा सेट घेण्याचा विचारही करू नये, दवाखाना गाठावा.

राहिला प्रश्न शिकवणाऱ्या दादांचा. त्यांच्याशी भांडू नये. त्यांची अडचण आम्ही जवळून पाहिली आहे. गेल्या आठवड्यात महाडच्या एका व्यायामशाळेत आम्ही मुद्दाम जाऊन बसलो. बेंच एकच, रॉड एकच आणि मुले अकरा. एकजण तीन मिनिटे बेंच अडवून बसला तर बाकीचे काय करणार? दादा म्हणाले, "साहेब, मी नाही उठवलं तर रात्रीचे बारा वाजतील." खरेच आहे. मग आम्ही कागद काढला. तिघांनी मिळून एक रॉड घ्यायचा. एकाचा सेट साधारण ४० सेकंदांचा. प्लेटा बदलायला अर्धा मिनिट. पहिल्याचा सेट झाला की दुसऱ्याचा, मग तिसऱ्याचा. पहिल्याची पाळी परत येईपर्यंत दोन सेटचे ८० सेकंद आणि तीन वेळा प्लेटा बदलण्याचे ९० सेकंद, एकूण १७० सेकंद जातात. म्हणजे तीन मिनिटांना दहा सेकंद कमी. कोणी बसलेले दिसत नाही, बेंच एक मिनिटही रिकामे राहत नाही आणि प्रत्येकाला आपली विश्रांती मिळते.

दादांनी कागद दोनदा वाचला. मग अकरांचे तीन गट केले, दोन उरले त्यांना बारवर पाठवले. "काका, प्लेटा कोणी बदलायच्या?" एका मुलाने विचारले. ज्याचा सेट नुकताच झाला त्याने बसून राहावे, बाकीच्या दोघांनी बदलाव्यात, असे ठरले.